खेळ थांबल्यावर परदेशी जायचं असेल, तर आधीचं एक वर्ष असं घालवा

निवड चाचण्या संपल्या की नायगावच्या मैदानालगतच्या कट्ट्यावर दर वर्षी कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसतं. वय एकतीस-बत्तीस, गुडघ्याला पट्टी आणि मोबाइलवर आलेला एखादा मेसेज. यंदा आली ती आमच्याच विभागातली चढाईपटू. महाराष्ट्राकडून सात वर्षं खेळली, भारताच्या शिबिरात दोनदा राहून आली, आणि यंदा जिल्ह्याच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. मेसेज परदेशातल्या एका कबड्डी क्लबचा होता. प्रशिक्षक म्हणून या, राहणं-खाणं मोफत, पगार डॉलरमध्ये.

"ताई, जाऊ का?"

मी उजव्या कोपऱ्यावर अकरा वर्षं खेळले. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. पस्तिसाव्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन पूर्व आशियातल्या एका देशात दोन हंगाम मुलींना शिकवून आले. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या क्लबनं माझे शेवटचे तीन पगार ठेवून घेतले, त्याच क्लबच्या मुली अजून माझ्या वाढदिवसाला फोन करतात, आणि माझ्या लिहिण्यानं त्यांना तिथे त्रास व्हायला नको.

तरीही माझं उत्तर 'जा' असंच आहे. खेळाडूचं आयुष्य बत्तीस-चौतीसला थांबतं आणि नोकरीचं वय साठपर्यंत असतं. मधली पंचवीस वर्षं ऑफिसात फायली सरकवत काढायची, की अंगात जे मुरलंय ते कुणाला तरी द्यायचं, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. इथे प्रशिक्षकांच्या जागा मोजक्या आहेत. बाहेर आपल्या खेळाची भूक आहे. मार्च २०२५ मध्ये कबड्डीचा विश्वचषक इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये खेळला गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा २३ देशांचे संघ आले होते. या सगळ्यांना शिकवणारं माणूस लागतं.

फक्त एक वर्ष थांबून जा. पदकामुळे बोलावणं येतं, पण तिथे रोज सकाळी सहा वाजता कुणी पदक बघत नाही. समोर अठरा मुली उभ्या असतात आणि त्यांना शिकवता यावं लागतं. माझ्याकडे ते एक वर्ष नव्हतं. मेसेज आल्यापासून विमानात बसेपर्यंत मला सात आठवडे मिळाले. पुढचं सगळं त्या घाईतून शिकलेलं आहे.

खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं

नाशिकच्या शैलजा जैन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक त्या होत्या. महिलांची कबड्डी २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून सुवर्ण आपल्याकडेच होतं. ते पहिल्यांदा गेलं आणि घेऊन जाणारी बाई आपली होती. पण इराणला जाण्याआधी त्यांनी भारतात कित्येक वर्षं प्रशिक्षक म्हणूनच काढली होती, हे लोक विसरतात. त्यांना बोलावलं गेलं ते त्या वर्षांमुळे.

क्रिकेटमधली मुंबईची माणसं बघा. संदीप पाटील यांच्या हाताखाली केनियाचा संघ २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचला, पण त्याआधी १९९६ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक राहून आले होते. लालचंद राजपूत २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर होते. मग अफगाणिस्तान, मग झिम्बाब्वे. जून २०१७ मध्ये अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. दोघांनी आधी घरी शिकवलं आणि मग बाहेर.

अमेरिकेत तर हा फरक न्यायालयानंच मान्य केलाय. कोरियाचा एक नामवंत बेसबॉलपटू शिकागोच्या संघात प्रशिक्षक म्हणून काम करत होता. त्यानं 'असामान्य क्षमता' या गटातून कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला आणि २००२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयानं तो निर्णय योग्य ठरवला. तू खेळाडू म्हणून असामान्य होतास, प्रशिक्षक म्हणून तसं दाखवलेलं नाहीस, असा त्याचा अर्थ. हा निकाल मी आमच्या मुलींना नेहमी सांगते, कारण आपल्याकडे 'अर्जुन' किंवा 'शिवछत्रपती' मिळाला की शिकवता येतंच असं धरून चालतात.

पहिले चार महिने: चौदा वर्षांखालच्या मुली

आपल्या विभागातलं कुठलंही मंडळ गाठा आणि चौदा वर्षांखालच्या मुली मागून घ्या. मोठ्या मुली नकोत. त्यांना निम्मं येत असतं, त्यामुळे आपल्याला शिकवता येतंय असा भास होतो. लहान मुलीला निदान रेषा ओलांडायची म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, आणि परदेशात तुमच्यासमोर पंचवीस वर्षांच्या बायका उभ्या असल्या तरी खेळात त्या तितक्याच नव्या असतात.

घोटा पकड हा माझा हातखंडा. अकरा वर्षं मी ती केली, पण कशी करते हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिकडे पहिल्याच आठवड्यात आमची दुभाषी आजारी पडली. हॉलमध्ये हीटर बंद, समोर अठरा मुली. मी मराठीत "अशी" म्हटलं आणि करून दाखवलं. त्यांनी अगदी तस्संच केलं आणि दोघींची बोटं दुखावली. मी त्यांना हात दाखवला होता, पाय दाखवलाच नव्हता. ही पकड सुरू होते पायातून. चढाई करणारीचा पाय आपल्या कोपऱ्याकडे येतो तेव्हा आपलं वजन टाचेवर असेल तर उशीर झालेला असतो. ते चवड्यावर हवं, कंबर खाली, नजर तिच्या कमरेवर. डोळ्यांनी ती हुलकावणी देते, कमरेनं देणं अवघड. मग एकाच झेपेत खांदा आत घालायचा, दोन्ही हातांनी घोट्याला विळखा घालायचा, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरायचं. बोटांत बोटं कधीच अडकवायची नाहीत. तिनं झटका दिला की तीच मोडतात. आणि डोकं तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला.

त्या रात्री मी वहीत घोटा पकडीचे सात टप्पे लिहून काढले. पस्तिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही हे इथे असतानाच करा. तुमच्या खेळातली तुमची सगळ्यात पक्की गोष्ट घ्या, मग ती बॅडमिंटनमधला ड्रॉप असो, हॉकीतला पेनल्टी कॉर्नरचा ड्रॅग असो की मल्लखांबावरची दसरंग. तिचे टप्पे लिहा. मग आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तोंडातून शब्द न काढता शिकवा. कुणालातरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि घरी जाऊन बघा. मुलींनी काय केलं ते बघा, तुम्ही काय केलं ते नको. चारपैकी तिघींना जमलं तर तो टप्पा पक्का.

जिथे जायचंय तिथल्या भाषेतले पन्नास-साठ शब्द याच काळात पाठ करा. डावा, उजवा, खाली, थांब, पुन्हा, छान. आणि पहिल्याच दिवसासाठी 'दुखतंय का?'. माझ्या एका मुलीनं सहा दिवस मान हलवून 'नाही' सांगितलं आणि सातव्या दिवशी पायावर उभी राहीना. ती जिथून आली होती तिथे वरिष्ठांना दुखणं सांगणं हा उद्धटपणा होता. मला शब्द येत होता, पद्धत ठाऊक नव्हती. तिचा हंगाम गेला. ते आजही मनातून जात नाही.

कागद म्हणून काय घ्यावं? पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तरी कराच. वर्षभराचा डिप्लोमा जमला तर उत्तम. बॅडमिंटन, हॉकी, अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनांचे स्वतःचे पायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत आणि बाहेरचा क्लब पहिल्यांदा तेच विचारतो. कबड्डी-खो-खोवाल्यांनी त्याच्याबरोबर शिकवल्याची नोंदवही न्यावी. कुठल्या वयाच्या किती मुली, किती महिने, त्यांतल्या किती जणी जिल्ह्याला गेल्या, हे मंडळाच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीनिशी.

मुलांच्या अंगाला हात

हा भाग सगळ्यांनी वाचा, जाणार नसाल तरी.

कबड्डी अंगाला अंग लागून शिकवायचा खेळ आहे. मुलीची कंबर खाली दाबल्याशिवाय तिला बसकण कळत नाही. आपल्याकडे हे कुणी विचारून करत नाही आणि चुकलं की टपली बसते. मी मार खाऊन खेळाडू झाले. माझे गुरू देवमाणूस होते, पण तो मार चुकीचा होता, असं मी आता स्पष्ट म्हणते.

बाहेर गेलात की हे बंद. अमेरिकेत ऑलिम्पिक खेळांच्या संघटनांखाली शिकवायचं तर 'सेफस्पोर्ट'चं, म्हणजे खेळाडूंशी गैरवर्तन होऊ नये यासाठीचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची, मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीची स्वतंत्र तपासणी असते. इंग्लंडमध्ये डीबीएस नावाची, आधीच्या गुन्ह्यांची नोंद बघणारी तपासणी असते. भारतातून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. पण प्रमाणपत्र असलं म्हणून सवय जात नाही. म्हणून इथल्याच चौदा वर्षांखालच्या मुलींवर सराव करा: हात लावण्याआधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, सगळ्यांसमोर करायचं, एकटीला थांबवून घ्यायचं नाही. पहिले पंधरा दिवस जड जातं. नंतर मुली आपणहून जवळ येऊन विचारतात, "ताई, कंबर बघा ना बरोबर आहे का." मला हा बदल बाहेर जाऊन कळला आणि परत आल्यावर मी इथे तो कायम ठेवला.

नोकरीचा राजीनामा देऊ नका

मुंबईत रेल्वे, तेल कंपन्या, बँका, पोलीस, बंदर, आयकर यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या म्हणून आपली घरं चालली. राज्य सरकारी नोकरीतही खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ही नोकरी रागाच्या भरात किंवा डॉलरच्या भरात सोडू नका. खेळणं थांबलं की ऑफिसात आपली किंमत एकदम उतरते, साहेब हजेरीवरून बोलू लागतो, हे मी भोगलंय. तरीही नको.

आधी आस्थापना विभागात जाऊन विचारा की बिनपगारी असाधारण रजा किती मिळते आणि परदेशात काम करायला ना-हरकत कोण देतं. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ च्या आधी आणि राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. अशा माणसानं राजीनामा दिला की साधारणपणे मागची सगळी सेवा बाद होते. वीस वर्षं झाली असतील तर स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता आहे आणि त्यात पेन्शन शाबूत राहते. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात आणि आयुष्यभराची पेन्शन घालवून बसतात. माझ्याबरोबर खेळलेल्या एकीचं असंच झालं. अठरा वर्षं झाली होती. दोन वर्षं थांबली असती तर आज तिच्या घरात महिन्याला पैसे आले असते.

ना-हरकत लेखी घ्या. साहेबांच्या तोंडी 'जा गं' ला बदलीनंतर काही किंमत राहत नाही.

करार

माझा करार दोन भाषांत होता. मी इंग्रजी पान नीट वाचलं, भाच्याकडून वाचून घेतलं आणि दोन्ही पानांवर सही केली. शेवटी एक ओळ होती: दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास स्थानिक भाषेतला मजकूर ग्राह्य. इंग्रजी पानावर 'मासिक पगार' होता. तिकडच्या पानावर 'हंगामाच्या महिन्यांचं मानधन'. दुसऱ्या वर्षीचा हंगाम नोव्हेंबरमध्ये संपला आणि मी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत रोज दोन वेळा सराव घेतला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे पैसे मागायला गेले तेव्हा त्यांनी शांतपणे ते पान पुढे केलं. परतीच्या तिकिटाचा उल्लेख कुठल्याच पानावर नव्हता. ते मी माझ्या पैशानं काढलं.

म्हणून सही करण्याआधी त्या देशाची भाषा येणाऱ्या, आपल्या ओळखीच्या आणि क्लबशी संबंध नसलेल्या माणसाकडून तिकडचं पान वाचून घ्या. मुंबईत बहुतेक मोठ्या भाषा शिकवणाऱ्या संस्था आहेत. हजार-दोन हजार रुपये जातील, जाऊ द्या. वाचताना हे शोधा: पगार देणारा नेमका कोण, संघटना, क्लब की एखादा प्रायोजक; पैसे कुठल्या तारखेला आणि कुठल्या खात्यात; संघ हरला तर कमी होणार का; मुदतीआधी काढलं तर किती दिवसांची सूचना; जाण्याचं आणि येण्याचं तिकीट; खोली एकटीची की खेळाडूंबरोबर. 'राहणं-खाणं मोफत' म्हणजे माझ्या बाबतीत वसतिगृहातली चार जणींची खोली होती. दिवसभर ओरडून घसा बसल्यावर रात्री ज्यांना ओरडले त्यांच्याच शेजारच्या पलंगावर झोपायचं, हे प्रशिक्षकाला परवडत नाही. वेगळी खोली लिहून घ्या.

विमा स्वतंत्रपणे विचारा. आपल्या प्रत्येकाच्या अंगात जुनी दुखापत आहे आणि विम्याच्या कागदात 'आधीपासूनचं दुखणं' वगळलेलं असतं. जाण्याआधी गुडघ्याचा-खांद्याचा एमआरआय काढून ठेवा आणि मुलींना करून दाखवताना पुन्हा लिगामेंट गेलं तर खर्च कुणाचा, हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

आखाती देशांत शाळा-अकादम्यांमध्ये जाणाऱ्यांनी नोकरी संपताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हिशोब आधीच समजून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे ३० दिवसांचा, असा नियम आहे. तो 'मूळ' पगारावर असतो. म्हणून भत्ते फुगवून मूळ पगार छोटा ठेवलेला करार दिसला तर तिथेच बोला. आणि पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी.

व्हिसा आणि कागद

टुरिस्ट व्हिसावर 'आधी या, मग बघू' म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. यात दुसरा विचार नाही.

अमेरिकेचा पी-वन व्हिसा खेळायला येणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. शिकवायला जाणारे बहुधा ओ-वन या 'असामान्य क्षमते'च्या व्हिसावर जातात आणि त्यासाठी शिकवण्यातलं कर्तृत्व दाखवावं लागतं. ब्रिटनचा खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा व्हिसा त्या खेळाच्या तिथल्या मान्यताप्राप्त संघटनेनं शिफारस केली तरच मिळतो. थोडक्यात, क्लबनं बोलावलं म्हणजे देशानं बोलावलं असं नाही.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे स्थलांतर मंजुरी आवश्यक, असा शेरा येतो आणि आखातातले बहुतेक देश, मलेशिया, इंडोनेशिया धरून १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. आपल्या खेळांत नववीत शाळा सुटलेले खेळाडू पुष्कळ आहेत. यात लाज कसली? शाळेच्या वेळेला आपण मैदानावर होतो. मुक्त विद्यालयातून दहावी करून टाका, एका वर्षात होते. ते होईपर्यंत जायचंच असेल तर 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर एजंटाची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकंच घेता येतं. कुणी दोन लाख मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

नावाचा घोळ आधी सोडवा. माझ्या प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि स्पेलिंगच्या तीन तऱ्हा होत्या; जिल्हा संघटनेच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. राजपत्रात नाव बदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि एक प्रतिज्ञापत्र, एवढं करायला मला चार महिने लागले असते. मी ते सात आठवड्यांत धावत केलं आणि दोन पदकांची प्रमाणपत्रं जोडताच आली नाहीत. पदवी-पदविकेचं साक्षांकन राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं. कागदपत्रांच्या हेग करारात असलेल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल नावाचं साक्षांकन चालतं, अमिरातीसारख्या देशांसाठी वकिलातीचा शिक्का लागतो. बीडीडी चाळीतल्या मुलींसाठी खास: पुनर्विकासात घर रिकामं करून भाड्यानं राहत असाल तर आधारवरचा आणि पासपोर्टवरचा पत्ता आत्ताच जुळवून घ्या. पोलीस पडताळणीला येतात तेव्हा जुन्या खोलीच्या जागी पत्र्याचं कुंपण असतं.

पैशांचं थोडक्यात: एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवसांहून कमी दिवस भारतात राहिलात तर कराच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी ठरू शकता. बँकेला कळवून एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं उघडा आणि जाण्याआधी एकदा सीएकडे बसा.

खेळायलाच जायचं असेल तर

हे मुख्यतः क्रिकेटवाल्यांसाठी. भारतीय बोर्ड पुरुष खेळाडूंना निवृत्तीआधी परदेशी लीगमध्ये जाऊ देत नाही. युवराज सिंग जून २०१९ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या लीगमध्ये खेळला. आपल्या मुंबईच्या प्रवीण तांबेला २०१९ च्या लिलावात कोलकात्यानं २० लाखांना घेतलं होतं, पण आधी आखातातल्या टी-टेन लीगमध्ये खेळल्यामुळे तो आयपीएलला अपात्र ठरला. मग २०२० मध्ये, ४८ व्या वर्षी, तो कॅरिबियन लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय झाला. तांबेबद्दल मला अपार आदर आहे. पण घरचा नियम आधी वाचून मगच बाहेर सही करा, हे त्याच्या गोष्टीतून घ्या.

कुणी जाऊ नये

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, मूल दहावी-बारावीला असेल, किंवा खेळ थांबल्याचं दुःख अजून ओलं असेल तर थांबा. तिसरं कारण लोक मोजत नाहीत. टाळ्या थांबल्याची पोकळी दुसऱ्या देशात आणखी मोठी होते. तिथे तर रस्त्यात ओळखणारंही कुणी नसतं. मी पहिल्या डिसेंबरात रोज संध्याकाळी खिडकीशी बसून रडायचे आणि ते घरी फोनवर सांगायचे नाही. आईला वाटायचं, पोरगी सुखात आहे.

आणि कायमचं जाणं हा एकच मार्ग नाही. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे सर सीमाशुल्क खात्यात नोकरी करत होते. मुंबई न सोडता त्यांनी कितीतरी देशांतल्या लोकांना मल्लखांब शिकवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली तेव्हा १५ देशांचे खेळाडू दादरला आले. दोन-दोन महिन्यांच्या फेऱ्या करूनही खेळ पोचतो. हॉकीचा आपला कर्णधार विरेन रस्किन्हा तर २००८ मध्ये खेळणं थांबवून हैदराबादला एमबीए करायला गेला आणि नंतर ऑलिम्पिकसाठी खेळाडूंना मदत करणाऱ्या 'ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट' या संस्थेच्या कामात उतरला. त्यानं देशात राहून किती खेळाडू उभे केले ते बघा.

राहिला एक प्रश्न. तो कट्ट्यावर हळू आवाजात विचारला जातो. "ताई, आपण शिकवलेल्या मुलींनी भारताला हरवलं तर?" मी हे जगलेय. एका स्पर्धेत माझा संघ भारताच्या ब संघासमोर होता. समोर माझ्याच विभागातली एक पोरगी चढाईला आली आणि माझ्या संघातल्या कोपऱ्यावरच्या मुलीनं तिचा घोटा धरला. सातही टप्पे बरोबर. मी उठून उभी राहिले. परत आल्यावर एका कार्यकर्त्यानं मला भर सभेत 'गद्दार' म्हटलं. मला ते मान्य नाही. जो खेळ एकच देश जिंकतो तो बाकीचे देश एक दिवस सोडून देतात. १२ बाय ८ मीटरच्या त्या मॅटवर आपल्याला टक्कर देणाऱ्या बायका जगभरात असाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि त्यातल्या काही जणी माझ्या हाताखालून गेल्या याचा मला अभिमान आहे.

जाताना एक छोटा कुकर, मेतकूट आणि जाड मोजे न्या. परतीची तारीख ठरवून जा आणि ती घरात सगळ्यांना सांगा.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. करार घेऊन. त्यातल्या चार ओळींखाली मी लाल पेननं रेघ मारली आणि तिला सांगितलं की क्लबला लिही, मी पुढच्या वर्षी येईन. क्लबनं हो म्हटलं. सोमवारी सकाळी सहाला ती आमच्या मैदानावर येतेय. चौदा वर्षांखालच्या बावीस मुली आहेत. मोबाइल चार्ज करून आण, एवढंच तिला सांगितलंय.